पालथी कोर

"कोर सीधी हाय. तूच उलटी झोपली होती."

गोंदणाऱ्या बाईचं हे वाक्य मी कित्येक वर्षं ऐकलं. मंगळवारच्या बाजारात मी दिसले की ती ते म्हणायची, मी काही विचारलेलं नसलं तरी. म्हणताना माझ्याकडे बघायचीही नाही. सुयांची जुडी दातात दोरा धरून घट्ट बांधत असायची.

मी नऊ वर्षांची होते तेव्हा बाप गडचांदूरकडे चुनखडीच्या खाणीत होता. आई धानाच्या मजुरीवर आणि मोहाच्या फुलांवर आम्हाला जगवत होती. घरात चांदीचा मणी नव्हता, म्हणून पोरीच्या कपाळावर निदान गोंदलेली एक चंद्रकोर असू दे, असं तिला वाटलं. गोंदणारी सगळ्यांना सांगायची की मेल्यावर सोनंनाणं इथीच राह्यते, गोंदण तेवढं संग येते. आम्हाला ते लगेच पटलं. इथे ठेवून जाण्यासारखं आमच्याकडे काही नव्हतंच.

तुमच्यापैकी कोणी गोंदताना पाहिलं असेल तर ठाऊक असेल, मुलीला समोर बसवतात. मी लाथा झाडल्या. दोघी आत्यांनी मला आडवं पाडलं, बाईने माझं डोकं मांडीवर घेतलं आणि केसांच्या बाजूने टोचायला सुरुवात केली. तिच्या डोळ्यांना सरळ दिसेल अशी कोर तिने काढली, टोकं वर. मी उठून बसले तेव्हा टोकं खाली झाली होती. आईने पदर तोंडात कोंबला. बाईने हळद लावली, सुपातले तांदूळ ओच्यात घेतले आणि पुढच्या मुलीला बोलावलं.

मला तिच्याकडून एकच हवं होतं. चुकलं माझं, असं तिने एकदा म्हणावं.

बारावीनंतर एक सोयरीक आली. मुलाच्या आत्याने माझं कपाळ निरखलं. महादेवाच्या डोक्यावरची कोर भरल्या वाटीसारखी असते, ही वाटी पालथी, हिच्या हातून घरात काही टिकायचं नाही, असं तिने आईला ऐकवलं. चहा मात्र पूर्ण प्यायली. बाजारात टोपल्या विकणारा जंगलातल्या गावचा एक म्हातारा उलट खूश झाला. त्याच्या मते पालथा चंद्र पाणी सांडतो, तेव्हा मी पावसाळाभर त्याच्या शेतात उभं राहावं.

सोयरीक मोडल्यावर आई कोंबडी घेऊन बाईकडे गेली. कोर भरून गोल टिकली कर, म्हणून हात जोडले. बाई तयार झाली. "पुरी पुनव करून देतो," ती म्हणाली. "आधी पोरीनं म्हनावं, मी हालली म्हून असं झालं."

मी म्हटलं नाही. कोंबडी परत आणली.

मग चंद्रपूर, नर्सिंगचं कॉलेज. वर्गातल्या मुली मला ग्रहण म्हणायच्या. हॉस्टेलजवळच्या बांगडीवाल्या चाचांना मी एकदा विचारलं, तुमच्यात कोर कोणत्या बाजूची असते. माझ्या हातावर साबण चोळत ते म्हणाले, "चांद म्हणजे तारीख, बेटी. तो दिसला की ईद. तारीख काय उलटी-सीधी असते?" त्या वर्षांत माझ्या कपाळाबद्दल कोणी बोललेलं तेवढं एक गोड वाक्य. केरळच्या एका सिस्टरच्या खोलीत कॅलेंडर होतं. त्यावर मरियम माता चंद्रकोरीवर उभी, आणि कोरीची टोकं खाली. म्हणजे माझ्यासारखी कोर जगात होती. पायाखाली होती, एवढंच.

पदवी घेतली. आमच्या घरातली पहिली. नेमणूक मागून घेतली ती आमच्याच गावच्या उपकेंद्रात.

बाई अजून एकाच जुडीने सगळ्यांना गोंदत होती. दर मंगळवारी मी तिच्या चटईसमोर उभी राहून बायांना सांगू लागले की एकीचं रक्त दुसरीच्या अंगात जातं, त्यातून कावीळ होते. हे खरं होतं. खरं होतं म्हणूनच मला ते बोलायला इतकं बरं वाटायचं. शेवटी मी माझं कपाळ दाखवायची. त्याचा काविळीशी काही संबंध नव्हता. बाया हसायच्या आणि चटईवरून उठायच्या.

चार बाजार ती रिकामी बसली. पाचव्या आठवड्यात उपकेंद्रात आली आणि दाराशीच उकिडवी बसली.

"तुह्याजवळ नव्या सुया हायेत म्हनते, सिस्टरबाई. एकेकीले एकेक दे. जुडी मी फेकून देतो."

तिने मला पहिल्यांदाच बाई म्हटलं. कपाटात सुयांचे खोके होते. देता येत नाहीत, असं सांगून मी तिला वाटेला लावू शकले असते. मी म्हटलं, "देते. आधी म्हणा, चुकलं."

 ती उठली, जवळ आली आणि माझ्या कपाळावरून अंगठा फिरवला. गोंदणाची काजळी अजून ओली असावी आणि पुसता येईल, तसा.

"लई हालली होती तू, पोरी," ती हळूच म्हणाली, आणि गेली.

त्यानंतर ती बाजारात बसली नाही. सिरोंच्याकडे मुलीकडे राहायला गेली आणि तिथेच वारली, असं टोपलीवाल्या म्हाताऱ्याकडून कळलं. तिच्या जागेवर आता एक जण मोबाईलची कव्हरं विकतो. आमच्या बाजारात कोणी गोंदत नाही, आणि नऊ वर्षांची एकही मुलगी आता गावात कपाळ टोचून घेत नाही. तालुक्याच्या सभेत मला त्यासाठी प्रमाणपत्र मिळालं. हे काम मी एकटीने केलं.