वीस दिवसांचं सामान

कोऱ्हाळे बुद्रुकच्या आप्पासाहेबांना 'अंदाजे' हा शब्द सहन होत नाही. लग्नाच्या पंगतीत कुणी म्हणालं, "अंदाजे दीडशे पानं उठली असतील," तर त्यांचा घास तोंडात फिरतो. त्यांचाही इलाज नाही. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर माणसानं बत्तीस वर्षं काढली. उसानं भरलेली गाडी काट्यावर घ्यायची, आकडा लिहायचा. रिकामी होऊन आली की पुन्हा घ्यायची, पुन्हा आकडा लिहायचा. मधला फरक तो ऊस. या कामात त्यांनी कुणाची भीड ठेवली नाही. गाडी काट्यावर चढली की ड्रायव्हरसकट सगळी माणसं खाली, हा त्यांचा कायदा होता. एकदा त्यांचा सख्खा मेहुणा ट्रॉलीवर उसाच्या मोळ्यांत ऐसपैस बसून आला. आप्पा खिडकीतून ओरडले, "पाव्हणं, खाली या. तुमचं गाळप करायचं न्हाय आपल्याला!" त्या बोलण्यावरून सारजाबाई, म्हणजे आप्पांची बायको, दोन दिवस त्यांच्याशी धड बोलल्या नव्हत्या.

अशा या माणसाच्या डोक्यात एकच खूळ होतं, कन्याकुमारीचं. तीन समुद्र एके ठिकाणी मिळतात ते सारजेला घेऊन बघायचं. पण गाळपाच्या हंगामात रजा मिळायची नाही आणि हंगाम संपला की शेत बोलवायचं. लग्नाला पस्तीस वर्षं झाली तरी दोघांनी मिळून केलेला मोठ्यातला मोठा प्रवास म्हणजे जेजुरी. बाकी लग्नं, तीही वऱ्हाडाच्या टेम्पोत, हे पुढं आणि ती मागं बायकांत.

म्हणून निवृत्त झाल्याबरोबर आप्पांनी एक जुनी व्हॅन घेतली. बेत ठरला: वीस दिवस, आपली गाडी, आपली चूल, आणि संध्याकाळ होईल तिथं तंबू. पण सारजाबाईंचं काही केल्या ठरेना. कधी म्हैस गाभण, कधी हरभरा काढायला आलेला, कधी नुसतंच "बघू की." वर्ष असं गेलं. लोक म्हणायचे, आप्पा, एकटेच जाऊन या. आप्पा म्हणायचे, "एकट्याला समुद्र तीन काय अन् तेरा काय, सारखंच." तिच्याशिवाय जायचं नाही हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं, फक्त ते तिला कधी सांगितलं नव्हतं. आपल्याकडं ही एक खोडच आहे.

आणि यंदा माघात सारजाबाई अचानक म्हणाल्या, "जाऊ या बाई एकदाचं."

मग आप्पांच्या अंगात आलं. पुण्याच्या लेकीनं, स्वरूपानं, दोन मिनिटांत उभा राहणारा तंबू पाठवला. अंगणात तो उभा करायला आप्पांना पहिल्या खेपेला चाळीस मिनिटं लागली, तिसऱ्या खेपेला अकरा. त्या दिवशी ते तंबूत जाऊन उगाच तासभर पडून राहिले. हळूहळू ओसरी भरली. ताडपत्री, नायलॉनचा दोर, पाच किलोचा गॅस आणि त्यावर बसणारी शेगडी, पाण्याचे दोन जार, जॅक, हवेचा पंप, गाडी रुतली तर फावडं, एक स्टेपनी कमी पडली तर दुसरी, मच्छरदाणी, बॅटऱ्या, औषधांचा डबा, आत शिरून चेन लावायच्या झोपायच्या दोन पिशव्या, दिव्यासाठी इन्व्हर्टरची अवजड बॅटरी. सारजाबाईंच्या बाजूनं लोखंडी तवा, बाजरीचं पीठ, ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि दोन गोधड्या. प्रत्येक वस्तू ताणकाट्याला टांगून आप्पा पुठ्ठ्यावर वजन लिहीत होते. बारामतीच्या फिटरनं त्यांना बजावलं होतं, "मागचे स्प्रिंगचे पाटे जुने हायेत आप्पा. अडीचशे किलोच्या वर भार टाकू नगा." तेव्हापासून अडीचशे म्हणजे त्यांना काळ्या दगडावरची रेघ होती.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी ते भरलेली व्हॅन घेऊन सोमेश्वरनगरच्या रस्त्यावर झुंबरच्या खाजगी काट्यावर गेले. झुंबर पूर्वी त्यांच्याच हाताखाली शिकलेला. रिकाम्या गाडीचं वजन आधीच झालं होतं. गाडी काट्यावर चढवून आप्पा उतरले आणि सवयीनं ओरडले, "उतरा खाली! सारजे, उतर."

सारजाबाईंनी मांडीवरची पिशवी सीटवर ठेवली, दार घट्ट धरलं, आधी एक पाय खाली सोडला, जरा थांबल्या, मग दुसरा. आप्पांची नजर आकड्यावर होती. भरलेली वजा रिकामी, दोनशे पंचेचाळीस.

"बसलं!" आप्पांनी मांडीवर थाप मारली. "अडीचशेच्या आत! पाच किलो हातात राखून!"

झुंबर डोकं खाजवत म्हणाला, "बरोबर हाय आप्पा. पर तुमी दोगं काय यष्टीनं मागनं येणार?"

आप्पांचा चेहरा बघण्यासारखा झाला. सारजाबाई मात्र हसल्या. "झुंबरभाऊ, त्यांच्या वजनात माणूस कधीच नसतंय," असं म्हणून त्या तशाच हळूहळू गाडीत जाऊन बसल्या. घरी उंबऱ्यात पाय ठेवताना म्हणाल्या, "तुमी जाऊन या. मला न्हाय जमायचं."

दुपारी आप्पांना जेवण गेलं नाही. पर्वताएवढ्या ट्रॉलीत लपलेला एक माणूस त्यांना खिडकीतून दिसायचा, आणि शेजारी बसलेली बायको बेरजेत धरायची राहिली. लाज वाटली त्यांना, खरीखुरी लाज. दोन तास ते ओट्यावर बसून होते. मग उठले आणि व्हॅनमधलं सगळं सामान अंगणात काढलं.

"सारजे, भाईर ये. गाडीत बस."

"कशाला आता?"

"बस तर खरं."

दार त्यांनीच उघडून धरलं. सारजाबाई पुढच्या सीटवर बसल्या, पण नजर सरळ काचेबाहेर.

"तू अठ्ठावन्न, मी बहात्तर," आप्पा म्हणाले. "एकशे तीस झालं. सामानाला ऱ्हायलं एकशे वीस. मी एकेक आणून दावतो. तू हाय म्हण न्हायतर न्हाय म्हण. मी मधी बोलणार न्हाय."

त्यांनी दुसरी स्टेपनी दाखवली. "न्हाय." बॅटरी दाखवली. "न्हाय." फावड्याला त्या जराशा थांबल्या आणि म्हणाल्या, "असू द्या." तवा आला तेव्हा "हे काय इचारणं झालं?" एवढं बोलून घेतलं. आप्पांच्या जिवात जीव आला. मग त्यांनी दोन्ही हातांवर तंबू आणला.

"न्हाय."

आप्पांनी शब्द दिला होता. तंबू बाजूला ठेवला, झोपायच्या पिशव्या आणल्या.

"न्हाय."

"अगं, मग झोपायचं कुठं?" आप्पांना राहवलंच नाही.

"गाडीतच. मागली सीट काढा आन फळी टाका, बाजंएवढी उंच. आन न्हाणीतलं स्टूल घ्या आधी."

"स्टूल? ते कशाला?"

सारजाबाई काचेतूनच बघत बोलल्या. "वरीस झालं, मला खाली बसलं की उठता येत न्हाय. गुडघं धरत्यात. भिंतीला धरून उठते, तुमी रानात गेल्यावर. तंबूला कुठली भिंत? सकाळी आडोशाला गेले आन उठताच आलं न्हाय, तर परमुलखात हाक कुणाला मारू? म्हून म्हैस आन हरभरा सांगत बसले. जायचं न्हवतं असं न्हाय. लई जायचं व्हतं."

आप्पा स्टेपनीवर बसले ते बसलेच. एक वर्ष. एकाच घरात. टायर दबलेलं दुरून बघून गाडीत किती टन हे सांगणारा माणूस!

"मला मारायची की हाक," ते म्हणाले.

"तुमाला?"

"मग कुणाला? मी काय नुसती गाडी हाकाय चाललोय? तुज्याबिगर जायचंच न्हवतं मला. दहा वरसं लागली असती तरी न्हवतो जात एकटा."

सारजाबाईंनी पदरानं डोळे टिपले. दूध घालायची वेळ झाली होती, गल्लीतून कॅन घेतलेली माणसं डेअरीकडं निघाली होती. याच गल्लीतून पस्तीस वर्षं आप्पा चार पावलं पुढं आणि सारजाबाई मागं, अशी दोघं चालली होती. त्यांनी एकमेकांना बोटही लावलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

सारजाबाईंनी एक पाय गाडीबाहेर सोडला आणि हात पुढं केला. "मग धरा. जमतंय का बघू."

आप्पांनी हात धरला. त्या उतरल्या, जरा डगमगल्या, आणि नीट उभ्या राहिल्या. कॅनवाली माणसं थबकून बघू लागली. एकानं तर मुद्दाम खाकरून घेतलं. आप्पांनी हात सोडला नाही.