पंधरा शब्दांची यादी

मेंदूच्या प्रयोगशाळेत मोजमापं वहीत जातात आणि किस्से चहाच्या कपांभोवती साठतात. मोजमापं मी छापली. त्यातली किती खरी उतरली, ही शंका निवृत्तीनंतरही सोडत नाही. किस्से मात्र सगळे खरे! आत्ताच लिहून ठेवतोय, कारण हल्ली मला नावं आठवत नाहीत. परवा शेजाऱ्यांचं आडनाव जिना उतरेपर्यंत सापडलं नाही. अशा वेळी इतरांना नुसती काळजी वाटते. मला थेट आजाराचं नाव सुचतं. आयुष्यभर तेच शिकवलं ना!

*

कोल्हापुरात, विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागामागे आमची सुरुवात झाली. एक खोली, मेंदूतल्या लाटा टिपणारं एक यंत्र आणि हौसाक्का. उचगावच्या हौसाक्का झाडलोटीला लागल्या आणि दोन वर्षांत माणसांच्या डोक्यावर तारांची टोपी माझ्यापेक्षा नीट बसवायला लागल्या.

तारा चिकटायच्या तर केसांना तेल नको. पैलवानांची एकाग्रता तपासायची म्हणून तालमीत निरोप धाडला, 'तेल न लावता यावे.' पहिला गडी आला तो चकचकीत! परत पाठवला. दुसऱ्या दिवशीही तेच. "वस्ताद मालिश झाल्याबिगर सोडत न्हाईत, सर."

तिसऱ्या दिवशी आला तो तुळतुळीत गोटा करून.

"तेलाचा प्रश्नच मिटवला की! आता लावा तुमच्या तारा!"

त्या गोट्यावरचं रेकॉर्डिंग आजही वर्गात नमुना म्हणून दाखवतात.

*

खोलीचं 'केंद्र' करायचं की नाही, हे ठरवायला दिल्लीहून समिती आली. अध्यक्ष म्हणाले, मीच टोपी घालतो. पडद्यावर नुसता गोंधळ! एकेक रेघ झाडूसारखी फुललेली. मी घामाघूम होऊन तारा तपासतोय. यंत्र गेलं, केंद्र गेलं, आपण गेलो!

हौसाक्कांनी अध्यक्षांकडे एकदाच निरखून पाहिलं. "पावणं, दात आवळू नका. सोडा की जरा." त्यांना मराठी कळेना, म्हणून स्वतःचा जबडा सैल सोडून दाखवला. त्यांनीही सोडला, आणि पडद्यावर स्वच्छ लाटा! जबडा आवळला की त्या स्नायूची वीज मेंदूच्या लाटांवर चढते. हे मीच शिकवत आलो होतो.

केंद्र मंजूर झालं. चहा घेताना अध्यक्षांनी हळूच मला विचारलं, "इन मॅडम की पीएचडी किस विषय में है?"

*

तेजस्विनी माझी शेवटची विद्यार्थिनी. गडमुडशिंगीच्या शेतकऱ्याची मुलगी, आज या केंद्राची प्रमुख. (हे मी जरा जास्तच वेळा सांगतो, असं घरचे म्हणतात.) पोरगी करते तरी काय, हे बघायला एकदा तिचे वडील आले. तिने त्यांनाच खुर्चीत बसवलं. डोळे मिटल्यावर डोक्यामागच्या तारांत एकसारख्या लाटा उमटल्या.

"अप्पा, माणूस जागा असून निवांत डोळे मिटून बसला की अशा लाटा येतात."

"म्हंजे झोपलेला न्हाय?"

"नाही."

"मग सही-शिक्क्यानिशी लिहून दे. देवळात बसलो की तुझी आई म्हणती, घोरत पडलाय!"

*

आता आमच्या यादीविषयी. स्मरणशक्ती तपासायला मी रोजच्या वापरातले सोळा शब्द निवडले होते. ते वाचून दाखवायचे, अर्ध्या तासाने विचारायचे. त्यात एक शब्द होता 'रस्सा'. जो येईल तो रस्सा बरोबर सांगायचा आणि वर 'तांबडा' आणि 'पांढरा'ही जोडायचा! ते यादीत नव्हतेच. न ऐकलेला शब्द सांगणं ही आमच्या शास्त्रात मोठी चूक.

एका मास्तरांना तसं सांगितलं, तर भांडायला उठले. "रस्सा म्हटल्यावर तांबडा-पांढरा आलाच की! तुम्ही वाचला न्हाईसा, ही तुमची चूक!"

शेवटी हौसाक्काच म्हणाल्या, "सर, त्यो शब्द काढा. न्हाईतर अख्खं कोल्हापूर नापास हुईल."

काढला. तेव्हापासून यादी पंधरा शब्दांची.

*

अर्धं गाव त्या खुर्चीत बसून गेलं. मी कधी बसलो नाही. भीती! गेल्या महिन्यात शेवटी धीर केला.

"सर, यादी तुमचीच आहे. तुमचा निकाल कुठे धरता येणार नाही," तेजस्विनी म्हणाली.

"नको धरू. मला फक्त कळू दे."

तिने पंधरा शब्द वाचले. पुढचा अर्धा तास हौसाक्का नातीच्या लग्नाचं सांगत होत्या. निवृत्त झाल्या तरी माझ्यासारख्याच इकडे येतात. मला त्यातलं एक अक्षर ऐकू आलं नाही.

मग मी सुरू केलं. दिवा, चिंच, पूल, करवत... दहा झाले. तेरा. पंधरा! तेजस्विनी हसली. मी तिथेच थांबायला हवं होतं. पण तोंडातून आणखी एक शब्द गेलाच.

"रस्सा."

तिचं पेन थांबलं. "सर... रस्सा यादीत नाही."

याच चुकीवर मी वर्षानुवर्षं तास घेतले होते.

दारात कपबशा घेऊन हौसाक्का उभ्या होत्या.

"सर कुठं चुकलं, तेजू? त्यांनी सगळी सोळा सांगितली की. तुझा कागदच इसरलाय!"