ओटीवरच्या चपला

या सदरातले अनुभव वाचून हसणाऱ्यांपैकी मी एक. बायको मोठ्याने वाचून दाखवायची आणि मी चहा पिता पिता प्रत्येक भुताला एखादं केमिकल कारण चिकटवून द्यायचो. माझी सगळी नोकरी केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये गेली. ज्याची टेस्ट करता येत नाही ते माझ्या लेखी नसतंच... आणि तरी आज इथे लिहायला बसलोय. हसायचं असेल तर खुशाल हसा.

आम्ही अंबरनाथ पूर्वेला राहतो, मी आणि सुनंदा. मुलगा बंगळुरूला असतो. सुनंदाला वाचनाचं वेड, त्यातही एका लेखकाचं फारच. त्यांचं नाव मुद्दाम देत नाही, कारण घरचे लोक अजून इथेच राहतात. जानेवारीत तिच्या वाचक मंडळाने त्या लेखकाच्या घराण्याच्या वास्तू बघायची सहल काढली. नवरा म्हणून मी पिशव्या धरायला.

आधी शिवमंदिराजवळचं त्यांच्या वडिलांचं घर पाहिलं. खाली आता झेरॉक्सचं दुकान आहे, तरी मंडळींनी भिंतीला हात लावून फोटो काढले. मग बदलापूरच्या पुढे, त्यांच्या आईचं शेतघर. ही बाई तरुणपणी विधवा झाली आणि एकटीने शेत राखलं. लेखकमहाशयांनी अर्धं आयुष्य तिच्यावरच लिहिलंय.

शेतघर मात्र छान ठेवलंय. कौलं, सारवलेलं अंगण, पुढे ओटी, आणि मागे भात कापल्यावर पेरलेले वाल. घराण्यातली सून, वनिताताई, ते सांभाळते. ती माणसं रस्त्यालगतच्या नव्या बंगल्यात राहतात. हे घर शेतात एकटंच असतं, कोणी बघायला आलं की ती उघडून देते. आम्ही सगळ्यांनी ओटीवर चपला काढल्या, घर पाहिलं, सुनंदाचे डोळे दोनदा भरून आले. निघताना बसवाला हॉर्नवर हॉर्न मारत होता, त्यामुळे एकच घाई.

दुसऱ्या दिवशी सुनंदा म्हणाली, "अहो, या सॅंडल माझ्या नाहीत."

तिच्या नव्याकोऱ्या होत्या, आदल्याच आठवड्यात उल्हासनगरहून आणलेल्या. या तशाच, त्याच ब्राऊन रंगाच्या, फक्त थोड्या जुन्या. उल्हासनगरात एक डिझाइन आलं की कल्याण ते कर्जत सगळ्या बायकांच्या पायात तेच दिसतं, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. तिने मंडळाच्या ग्रुपवर फोटो टाकला. कोणीच म्हणालं नाही की माझ्या आहेत. मी म्हटलं, फिट्ट बसतायत ना, मग घाल.

तिथून सगळं सुरू झालं.

पहिल्यांदा वाल. सुनंदा दादरची. वालाचं बिरडं सोलायचा तिला मनस्वी कंटाळा. ती आता रोज वाल भिजत घालू लागली. मग अस्वस्थपणा... टीव्ही बघता बघता उठायची, गॅलरीत जाऊन उभी राहायची, परत यायची, पुन्हा जायची. जेवताना घास हातात धरून म्हणायची, "गुरं शिरली असतील." कुठली गुरं, विचारलं तर पुन्हा उठून गॅलरीत जायची. भात कापून झाला की इकडच्या गावांत गुरं मोकळी सोडतात आणि वाल राखावे लागतात, हे मलासुद्धा नंतर कळलं. तिला कुठून कळलं?

मी घाबरलो. भुताबितांना नाही. सुनंदाच्या आईला साठीनंतर विसरण्याचा आजार झाला होता. शेवटी शेवटी लेकीलाच विचारायच्या, तुम्ही कोणाकडच्या? सुनंदाने त्यांचं सगळं केलं आणि तेव्हा मला म्हणाली होती, माझं असं झालं तर मला सहन होणार नाही. मलाही झालं नसतं. कल्याणच्या डॉक्टरांकडे नेलं, एमआरआय झाला, रक्त तपासलं. सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, जरा टेन्शन असेल. मनात म्हटलं, हा कसला रिपोर्ट...

मग एका दुपारी मी बँकेतून आलो तर घर उघडं आणि ती नाही. फोन टेबलावर. सगळी सोसायटी पालथी घातली. तेवढ्यात माझ्या जुन्या ऑफिसातल्या एका मित्राचा फोन आला. तो बदलापुरात मांजर्लीला राहतो. "अरे, वहिनी इथे नदीकडच्या रस्त्याने एकट्याच चालल्यायत. हाक मारली, ओळखच देईनात."

अंबरनाथहून मांजर्लीपर्यंत ती चालत गेली होती, भर उन्हात. मी रिक्षाने गाठलं तेव्हा भराभर चालतच होती.

"सुनंदा, अगं कुठे निघालीस?"

"घरी."

"घर मागे राहिलं."

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, अगदी सभ्यपणे. "भाऊ, मला जाऊ द्या. उशीर झालाय."

बायकोने आपल्याला भाऊ म्हणावं... मी तिथेच रस्त्याच्या कडेला खाली बसलो. खोटं कशाला सांगू, रडलो. रिक्षावाला म्हणाला, "अंकल, मॅडमको जिधर जाना है उधर ले चलते है ना. बाद में देखेंगे." तेवढं सुचायचीही माझी अवस्था नव्हती. मी तिला म्हटलं, चला, सोडतो. ती लगेच रिक्षात बसली. आणि रस्ता तिनेच सांगितला. शेतघराचा.

वनिताताई अंगणातच होती. "काका, बरा झाला आलात," म्हणाली, "काकूंच्या सॅंडली हितंच हायत. आमची जोडी काकू घालून गेल्या."

"तुमची म्हणजे?"

"कोनाचीच नाय तशी. घरात कोनी नसला तरी बाईमानूस हाय असा वाटाला पायजे, म्हनून ओटीवर बायकांची एक जोडी ठेवायची. म्हातारीपासून, तुमच्या लेखकाच्या आईपासून चालत आलंय. ती मेली तवापासून आम्ही नवी आनतो, ठेवतो. तिकडं कोनी हात नाय लावत."

सुनंदाच्या सॅंडल कोपऱ्यात होत्या. मी उचलून पाहिल्या. नव्याकोऱ्या सॅंडल, एकदाच घातलेल्या — टाचा झिजून तिरक्या झालेल्या, तळव्याला ओली माती. वनिताताईने मान हलवली. "मी नाय हात लावला, काका. दिवा लावाला येते तवा रोज येगल्या जागी असतात." मग म्हणाली, "औंदा राखनीला मानूस नाय मिलाला. आजूबाजूचे वाल गुरांनी साफ केले. आमच्या शेतात एक ढोर नाय शिरला."

मी काही बोलायच्या आत सुनंदाने पायातली जोडी काढली, कोपऱ्यात नीट जुळवून ठेवली आणि अनवाणीच बांधावरून शेताला एक फेरी मारली. मध्येच वाकून शेंगा चाचपल्या. परत येऊन स्वतःच्या सॅंडल पायात घातल्या आणि घामाघूम उभी राहिली.

"अहो," ती म्हणाली, "आपण इथे परत कशाला आलो? आणि तुमचे डोळे का लाल झालेत?"

त्या दिवसापासून ती ठणठणीत आहे. आधीच्या आठवड्यांतलं तिला काही आठवत नाही. मी खोदून विचारलं नाही आणि विचारणारही नाही. झिजलेल्या टाचा, ओली माती, तो रस्ता, यातल्या कशाचंच स्पष्टीकरण आजपर्यंत मला सापडलेलं नाही.

चार-पाच दिवसांनी वनिताताईचा फोन आला होता. रात्रीत गुरं शिरली, पुढचे सगळे वाल गेले. रागावली नव्हती. नुसतंच विचारलं, "काका, काकूंच्या त्या सॅंडली पुन्ना दोन-तीन दिस हितं ठेवता येतील का? थोडं मागचं वाल ऱ्हायलेत."

स्वयंपाकघरात सुनंदा मुलाशी फोनवर भांडत होती, तुझा बाप ऐकत नाही म्हणून. मी वनिताताईला नाही म्हणालो. तिचं नुकसान मला दिसत होतं, वाईटही वाटत होतं. तिने पुन्हा विचारलं तरी मी नाहीच म्हणेन.