किल्ट आणि फेटा

सिंगापूरला आमच्या जहाजदुरुस्तीच्या यार्डात वर्षातून एकदा डिनर अँड डान्स असे. त्यासाठी दरवर्षी एक समिती असे आणि त्या समितीत दरवर्षी मी असे. का, ते विचारू नका. सकाळी तुआसच्या गोदीत जहाजाच्या पोटात शिरून गंजलेले पत्रे तपासायचे आणि दुपारी एसीत बसून फुग्यांचा रंग ठरवायचा. दोन हजार सहाच्या सुमारास पार्टीच्या वेषभूषेचा विषय ठरला, स्कॉटिश समुद्री चाचे! आमचा म्हातारा डॉकमास्टर स्कॉटिश होता आणि निवृत्त होऊन घरी चालला होता. त्याचा निरोपही त्यातच उरकून घ्यायचा होता.

"ही इज स्कॉटिश, मस्ट वेअर किल्ट, लाह!" एचआरच्या बाईंनी सिंगापुरी थाटात निकाल दिला. किल्ट म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा, निऱ्यांचा घागरा; तो त्याने घालायचा आणि समितीनेही. शिवून आणायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं.

लिटल इंडियातल्या शिंप्याला मी तांबड्या चौकड्यांचं कापड दिलं, चित्र दाखवलं. त्याने साडीसारख्या सगळ्या निऱ्या पुढे घातल्या. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. बायकोने तर "निऱ्या छान बसल्यात हो" म्हणून शाबासकीही दिली.

डॉकमास्टरने तो किल्ट हातात घेतला, फिरवून पाहिला आणि म्हणाला, निऱ्या मागे असतात. मग म्हणाला, आणि मी हा घालणार नाही.

"पण तुमचे चाचे समुद्रावर किल्टच घालायचे ना?" मी अजिजीने विचारलं.

म्हातारा असा काही उखडला, की मला वाटलं टेबलावरची कॉफी माझ्या अंगावर येते. गेली तीस वर्षं प्रत्येक बंदरात त्याला हेच ऐकावं लागत होतं. त्याच्या देशात चाचे होते, भरपूर होते, काही फासावरही लटकले. पण सात-आठ वार लोकरीचा घोळ कमरेला गुंडाळून, वाऱ्यापावसात, ओल्या दोरखंडांवरून कुठला खलाशी वर चढेल? ढगळ विजारी घालायचे ते, साऱ्या जगातले खलाशी घालत तशा. त्याचं घराणं बंदरातलं, त्यात कधी कुणी किल्ट नेसला नव्हता. नेसायचे ते डोंगरातले लोक. त्यांना एके काळी सरकारने बंदी घातली होती, नेसला तर तुरुंग. "आणि आता तोच सगळ्यांना गंमत म्हणून हवाय," तो म्हणाला. "मला नको. बस."

बस! मला त्याचा भयंकर राग आला. बाईंना तोंड मला द्यायचं होतं. पण जुरोंग ईस्टला घरी पोचेपर्यंत लक्षात आलं, की चीड त्या किल्टची नव्हतीच. 'नको' म्हणायला त्याला एक मिनिट लागलं होतं, आणि मला सहा वर्षांत जमलं नव्हतं.

आमचे मॅनेजर पुण्याचे, माणूस मनाने मोकळा. दर डिनरला ते केशरी फेटा घेऊन येत आणि सगळ्यांसमोर स्वतःच्या हाताने माझ्या डोक्याला बांधत. चिनी सहकारी टाळ्या वाजवत. दिवाळीला कॅन्टीनमध्ये दिवा मी लावायचा आणि 'युवर दिवाली'वर दोन शब्दही मीच बोलायचे. आम्ही बौद्ध. वेसाकला, म्हणजे बुद्धपौर्णिमेला, सिंगापूरभर सुट्टी, पण त्या दिवशी शुभेच्छा चिन्यांना. माझ्याकडे कुणी बघतही नसे. एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य साहेबांसमोर उच्चारलं, की त्यांच्या डोळ्यांत काहीतरी बदलेल, ही भीती मी विमानातून बरोबरच आणली होती. म्हणून अळीमिळी गुपचिळी.

आणि फेटा! माझ्या आजोबांनी लग्नात फेटा बांधला, तर वरात वेशीत अडवून गावाने तो डोक्यावरून उतरवला होता. ते उघड्या डोक्याने बोहल्यावर चढले.

डिनरच्या दिवशी डॉकमास्टर इस्त्रीची करडी पँट आणि पांढरा शर्ट घालून आला आणि मजेत जेवायला बसला. बाईंनी माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं आणि पुढच्या मिनिटाला विसरून गेल्या. एवढ्यासाठी मी आठवडाभर जीव टांगणीला लावला होता! पुढे निऱ्या मिरवत मी उभा होतो, तेवढ्यात साहेब फेटा घेऊन आले.

"चल रे, बस खुर्चीवर. आज तू भारतीय चाचा!"

"नको सर."

"अरे, लाजतोस काय? आपला फेटा आहे!"

"माझ्या आजोबांच्या डोक्यावरचा गावाने उतरवला होता सर. लग्नाच्या वरातीत. आम्ही बौद्ध आहोत."

साहेबांचा हात तसाच राहिला. त्यांनी गाव विचारलं नाही, आडनावावरून काही बोलले नाहीत. खाली बघून फेट्याची घडी घालू लागले. "सहा वर्षं बांधतोय मी," ते म्हणाले. "बोलला नाहीस कधी."

"नाही बोललो." मग मलाच कळलं नाही कसा, मी हात पुढे केला. "द्या तो. घरी नेतो."

रविवारी सकाळी आरशासमोर उभा राहिलो. बायकोने एक टोक धरलं. चार वेळा गुंडाळला, चारही वेळा कानावर घसरला. शेवटी वैतागून वडिलांना फोन लावला आणि विचारलं, फेटा बांधायचा कसा?

पलीकडे त्यांनी टीव्हीचा आवाज बारीक केला.

"मला रे कोण शिकवणार होतं?" ते म्हणाले.