आमच्या सेकंडहँड गाड्यांचे आवाज

इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्समध्ये दोन मराठी माणसं भेटली की आधी मुलांच्या शाळा, मग व्हिसा आणि मग गाडी, हा क्रम ठरलेला. पहिले दोन विषय दहा मिनिटांत संपतात. गाडीचा संपत नाही. कारण इथे येणारा जो तो पहिला हिवाळा बसस्टॉपवर कुडकुडत काढतो, मार्चमध्ये घाईघाईने सेकंडहँड गाडी घेतो आणि एप्रिलमध्ये त्याला तिच्यातून काहीतरी ऐकू यायला लागतं.

हे आवाज शेवटी माझ्याकडे येतात. मला गाडीतलं फार कळतं अशातला भाग नाही. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधते, एवढंच माझं भांडवल. पण आपल्या लोकांत एकदा नाव पडलं की पडलं. नऊ वर्षांत इतके किस्से साठलेत की कुठल्याही पॉटलकच्या जेवणाला कोणीतरी म्हणतंच, "मेधा, ती अमक्याच्या गाडीची गोष्ट सांग ना."

सुरुवात माझ्याच गाडीने झाली. घेऊन दोन आठवडे झाले होते आणि वळताना आतून खळखळ ऐकू यायला लागली. बादलीतलं पाणी हिंदकळावं तशी. नवरा म्हणाला, "तुला भास होतोय." मग मी आठवडाभर वहीत लिहून ठेवलं: कधी होतं, कुठल्या वळणाला, आदल्या दिवशी पाऊस होता का.

ती वही घेऊन ब्लेचलीच्या एका छोट्या गॅरेजमध्ये गेले. मालक टेरी, साठीचा, मितभाषी माणूस. त्याने वही नीट वाचली, पॅसेंजरच्या बाजूचं दार उघडलं, खाली वाकून बोटाने चिखल उकरला. दारातून नळ सोडल्यासारखं पाणी आलं. पाणी जायची भोकं बुजली होती, आणि तीन आठवड्यांचा पाऊस मी दारात भरून फिरवत होते.

टेरी म्हणाला, "लोक येऊन नुसतं म्हणतात, आवाज येतोय. कधी येतो ते सांगणारी तू पहिली."

हे मी कौतुकाने इथल्या मराठी ग्रुपवर टाकलं. तिथेच चुकलं.

*

पहिला फोन निखिलचा. निखिल आणि सायली नागपूरचे. सायलीला सातवा महिना होता आणि हॉस्पिटलला जायला बस बदलावी लागायची, म्हणून त्यांनी एका डीलरकडून गाडी घेतली. ती सकाळी दुसरा गिअर टाकला की असा धक्का द्यायची की सायली दोन्ही हात पोटावर धरून बसायची.

डीलरचं म्हणणं, "तुम्हाला सवय नाही या गाडीची."

इथल्या कायद्याने तीस दिवसांच्या आत सदोष गाडी परत करता येते. पण दोष घेतानाच होता हे डीलरला पटायला हवं. निखिल रोज एक अत्यंत नम्र ईमेल पाठवायचा. उत्तर यायचं नाही. पंचविसावा दिवस उजाडला तसा तो माझ्याकडे आला. त्याच्याबरोबर दोनदा चक्कर मारली. धक्का मला कळत होता, पण तो जुना आहे हे सिद्ध कसं करणार?

सव्विसाव्या दिवशी तो ऑफिसच्या कामाने नॉर्दॅम्प्टनला गेला होता. येताना दाट धुकं, रस्ता बंद, फोनची बॅटरी संपलेली. त्याने गाडीतल्याच नकाशावर 'होम' दाबलं. गाडीने त्याला अर्धा तास शेतांमधून फिरवलं आणि एका गावातल्या विटांच्या घरासमोर आणून सांगितलं, तुम्ही पोचलात.

तिथे धुकं विरलं होतं आणि अंगणात एक बाई गुलाब छाटत होत्या. गाडी बघून त्या फाटकाशी आल्या आणि म्हणाल्या, "ही तर माझी गाडी."

निखिल घाबरला. चोरीचा आळ येतो की काय, असं त्याला वाटलं. तो भराभरा सगळं सांगत सुटला: डीलर, सायली, पोट, दुसरा गिअर. बाईंनी ऐकून घेतलं, त्याला आत बोलावलं, त्याचा फोन चार्जिंगला लावला, चहा दिला आणि कपाटातून एक फाइल काढली. गाडी डीलरला देताना त्यांनी फॉर्मवर स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं होतं की थंडीत दुसऱ्या गिअरला त्रास होतो. खाली डीलरची सही होती. त्यांनी त्याचा फोटो काढू दिला, आणि निघताना सायलीसाठी घरच्या मुरंब्याची बाटली दिली.

अठ्ठाविसाव्या दिवशी डीलरने एक शब्द न बोलता गाडी परत घेतली.

मी निखिलला विचारलं, "परत देताना तुझे नंबर, पत्ते वगैरे काढलेस ना गाडीतून?"

"माझे काढले," तो म्हणाला. "पण ते होम ठेवलंय. पुढच्याच्या उपयोगी पडेल."

*

त्याच्या दुसऱ्या गाडीचा किस्सा छोटा आहे. ही गाडी प्रत्येक सिग्नलला बंद पडायची आणि ब्रेकवरून पाय उचलला की आपोआप चालू व्हायची. निखिल आता कशालाही तयार होता, त्याने पहिल्या दिवशीच ईमेल लिहायला घेतला. सायलीने बाळाला मांडीवर घेऊन गाडीचं पुस्तक वाचलं आणि म्हणाली, "अरे, ही सोय आहे. पेट्रोल वाचावं म्हणून."

निखिल म्हणाला, "सोय आहे तर मग विचारून करावी की."

*

प्रसादची गोष्ट मात्र मला जरा लागली होती. प्रसाद बँकेत आहे, हुशार, नीटनेटका. त्याचे वडील सांगलीहून तीन महिन्यांसाठी आले होते. उभी हयात एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेलेली. प्रसादच्या नव्या-जुन्या गाडीत लांब प्रवासानंतर जळका वास यायचा. मोठ्या गॅरेजवाल्यांनी कंप्युटर लावला आणि सांगितलं, काही नाही.

वडील म्हणायचे, "मला एकदा बघू दे."

प्रसाद म्हणायचा, "बाबा, इथे असं रस्त्यात बॉनेट उघडून बसत नाहीत. शेजारी बघतात." एकदा तर माझ्यासमोरच म्हणाला, "ही एसटी नाहीये." वडील खुर्चीतून उठले, कप धुतला आणि वर गेले.

पुढच्या शनिवारी आम्ही सगळे प्रसादच्या गाडीतून केंब्रिजला गेलो. परत आल्यावर प्रसाद सामान काढत होता. वडील मात्र एकेका चाकाशी जाऊन, न टेकवता जवळ नेलेला तळहात धरून उभे राहत होते. तीन चाकं झाली. चौथ्याशी त्यांनी हात पटकन मागे घेतला.

"हा ब्रेक सुटत नाहीये," ते म्हणाले. "धरून राहतोय. गाडी ब्रेक लावूनच पळवतोयस तू."

सोमवारी मी त्या दोघांना टेरीकडे घेऊन गेले. टेरीने गाडी वर चढवली, तेच चाक फिरवून बघितलं, फिरेना. त्याने विचारलं, "कोणी शोधलं?" प्रसादने वडिलांकडे बोट दाखवलं. त्यानंतर ते दोन म्हातारे गाडीखाली उभे राहून तासभर बोलत होते. एकाला इंग्रजी येत नव्हतं, दुसऱ्याला मराठी. बोटं, भुवया आणि पाने यांवर सगळं भागलं.

निघताना टेरी प्रसादला म्हणाला, "त्यांना विचार, माझ्याकडे काम करतील का?"

प्रसादने भाषांतर केलं. वडिलांनी हात पुसत विचार केला.

"त्याला सांग, व्हिसा नाही," ते म्हणाले. "पण चहाला येत जाईन."

पुढचे दोन महिने दर सोमवारी प्रसाद त्यांना ऑफिसला जाताना टेरीकडे सोडायचा. ते खिशात हात घालून उभे असायचे. हात खिशातून बाहेर काढायचे नाहीत, कायदा म्हणजे कायदा. फक्त मानेने सांगायचे.

*

इशा आमच्या शेजाऱ्यांची मुलगी. इथेच जन्मलेली, गेल्या वर्षी नर्स झाली. तिने वॉर्डमधल्या एका बाईकडून छोटी लाल गाडी घेतली. दोन महिन्यांत तीनदा बॅटरी उतरली. तिचे बाबा म्हणाले, "फसवलं तिला. आता ती गाडी नको." इशा रडवेली होऊन माझ्याकडे आली.

"मावशी, माझा गाडी सारखा मरतो. पण तो वाईट नाहीये. बाबांना सांग ना."

टेरीने तपासली. बॅटरी थोडी जुनी होती, बाकी सगळं ठीक. मग मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला, कधी होतं? तिने कॅलेंडर काढलं. तिन्ही वेळा लाँग शिफ्टचा दिवस. मी विचारलं, "शिफ्ट संपल्यावर काय करतेस?"

तिने कॅलेंडर बंद केलं. मग म्हणाली, "गाडीत बसतो मी. कार पार्कमध्ये."

"किती वेळ?"

"कधी एक तास. हीटर, रेडिओ, लाइट, सगळा चालू. इंजिन नाही. इंजिन चालू केला की घरी जावं लागते."

तीच पुढे म्हणाली, "वॉर्डमध्ये कोणी गेला असेल ना त्या दिवशी, तर मला लगेच घरी नाही जाता येत. घरी आई विचारते, कसा होता दिवस. आई चांगली आहे. पण गाडीत कोणीच काही विचारत नाही."

संध्याकाळी मी तिच्या बाबांना सांगितलं, बॅटरी जुनी आहे, चांगली मोठी टाका, गाडी उत्तम आहे. यातलं काही खोटं नव्हतं. तिच्या आईला मात्र मी बाजूला घेऊन सांगितलं की शिफ्टवरून आली की पहिला तासभर तिला काही विचारू नका. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. नर्सच्या आईला बहुतेक कळत असावं.

*

आता लिमये काकूंची गाडी.

लिमये काका-काकू या गावात आले तेव्हा चौकांतले निम्मे राउंडअबाउट झालेही नव्हते. गाडी चाळीस वर्षं काकांनीच चालवली. काकूंचं लायसन्स कपाटात होतं. मागच्या वर्षी काकांना स्ट्रोक झाला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. समजायचं सगळं, पण तोंडातून शब्द निघायचा नाही. उजव्या पायाला गुडघ्याखाली प्लॅस्टिकचा कडक आधार बांधलेला असायचा, आणि गाडीत बसवताना तो पाय काकू दोन्ही हातांनी उचलून आत ठेवायच्या.

आठवड्यातून दोनदा फिजिओला न्यायचं होतं. मुलगा ऑस्ट्रेलियात. काकूंनी एकोणसत्तराव्या वर्षी पुन्हा ड्रायव्हिंगचे धडे घेतले, जुनी मोठी गाडी विकली आणि छोटी ऑटोमॅटिक घेतली. सेकंडहँडच. आम्हाला सगळ्यांना त्यांचा फार अभिमान वाटला होता.

सातआठ महिने सुरळीत गेले. मग एक दिवस त्यांचा फोन आला. "मेधा, ब्रेक मारला की डावीकडून ठक्क होतं गं. आधी कधीतरी व्हायचं, आता रोज होतंय."

मी गाडी चालवून बघितली. काही नाही. टेरीने बघितली, ब्रेक उघडून पुन्हा बसवले, स्वतः वीस मैल फिरवून आणली. काही नाही. आठवड्याने काकूंनी पुन्हा फोन केला. टेरीने पुन्हा बघितली. काही नाही.

त्यांच्या घरी गेले तेव्हा काकूंनी गाडीची किल्ली माझ्यासमोर टेबलावर ठेवली. काका खिडकीशी बसले होते.

"मी गाडी विकते," काकू म्हणाल्या. "टेरी काही म्हणत नाही, पण त्यालाही वाटत असेल, म्हातारीला काहीतरी ऐकू येतं. आणि खरंच ब्रेकमध्ये काही असलं आणि यांना घेऊन कुठे आदळले तर? मला नाही जमायचं आता. हॉस्पिटलची गाडी येते म्हणे न्यायला."

हॉस्पिटलची गाडी चार पेशंट गोळा करत येते आणि अर्धा दिवस मोडतो, हे त्यांना माहीत होतं. मला त्यांचा चेहरा बघवेना.

मी म्हटलं, "काकू, मंगळवारी मी येते. तुम्ही नेहमी जाता तशाच जा. काकांना घेऊन, त्याच रस्त्याने. मी मागे बसते."

मंगळवारी सकाळी निघालो. काका पुढे डावीकडे, मी मागे मध्यभागी. पहिल्या राउंडअबाउटला काकूंनी ब्रेक दाबला. ठक्क.

"ऐकलंस?" त्या म्हणाल्या.

"ऐकलं. चला पुढे."

दुसऱ्या राउंडअबाउटला मी पुढच्या दोन सीटच्या मधून वाकले आणि खाली बघितलं. ठक्क. तिसऱ्याला मी पुन्हा बघितलं, कारण माझा डोळ्यांवर विश्वास बसत नव्हता.

"काकू, समोरच्या सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये घ्या. त्या टोकाला, मोकळं आहे तिथे."

"काय झालं? ब्रेक आहे ना?"

"ब्रेक ठीक आहे. हळू जा, आणि थांबताना काकांच्या पायाकडे बघा."

काकूंनी रिकाम्या रांगेतून गाडी चालण्याच्या वेगाने नेली आणि ब्रेकवर पाय ठेवला. काका समोर रस्त्याकडे बघत होते. त्यांचा उजवा पाय, तोच पाय, ताठ झाला, ब्रेक दाबावा तसा पुढे रेटला गेला आणि आधाराचं प्लॅस्टिक मधल्या कप्प्यावर आपटलं. ठक्क.

काकूंनी इंजिन बंद केलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच होते. मग त्यांनी पदराने डोळे पुसले आणि काकांकडे वळल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "इतकी वाईट चालवते का मी?"

काकांनी अर्ध्या तोंडाने हसत हळूच मान डोलावली. हो म्हणून.