दोनशे बारा कालकथित आणि एक कंस

तुम्ही कधी तुमच्या जिवंत बापाच्या नावाआधी 'कालकथित' छापलं आहे का? मी छापलं आहे. तीनशे प्रतींत.

हा शब्द माहीत नसलेल्यांसाठी सांगते. आमच्या नाशिकच्या बौद्ध वसाहतीत गेलेल्या माणसाला 'स्वर्गवासी' म्हणत नाहीत. स्वर्गच मानत नाही, तर तिथे वास कसला? म्हणून कालकथित.

बाबांनी आयुष्यभर नोकरी कारकुनाची केली आणि काम पत्रकं काढण्याचं. मला झोपताना गोष्टी नव्हत्या, पत्रकं होती. (चार वर्षांची असताना मी दुधाच्या ग्लासाचा जाहीर निषेध केला होता, असं आई सांगते.) त्या सगळ्या वाचनातून मी एक तत्त्व उचललं: इशाऱ्यांना भीक घालायची नाही. पुढे मी कॉम्प्युटरच्या डिप्लोमाला गेले आणि हेच तत्त्व नडलं.

वसाहतीच्या वाचनालयाला पन्नास वर्षं होत होती. त्यानिमित्त सगळ्या सभासदांच्या नावांचं पत्रक काढायचं होतं आणि बाबांना घाई होती. वाचनालय सुरू करणाऱ्यांपैकी एकटे गुरुजी उरले होते, सभासद क्रमांक अकरा. बाबांना पहिलं पत्रक लिहायला त्यांनीच शिकवलं. आता ते देवळाली कॅम्पला मुलीकडे अंथरुणाला खिळले होते.

"गुरुजींच्या हयातीत त्यांच्या हातात पत्रक पडलं पाहिजे," बाबा रोज म्हणायचे. पण बाबांच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं.

"मी करते," मी म्हणाले. "सी भाषेत प्रोग्राम लिहिते."

"हाताने लिही ना. दोनशे बारा तर नावं आहेत."

"बाबा, हाताने चुका होतात."

प्रोग्राम सोपा होता. प्रत्येक नावापुढे शून्य किंवा एक. एक असेल तर माणूस गेलेला, नावाआधी 'कालकथित' छाप. आता सीमध्ये दोन बरोबरची चिन्हं दिली की प्रश्न होतो: हा एक आहे का? एकच चिन्ह दिलं की हुकूम होतो: हा एक आहे. पत्रकांवर वाढलेल्या मुलीने कोणतं दिलं असेल?

कंपायलर, म्हणजे आपण लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवून देणारा, बिचारा सभ्य असतो. त्याने इशारा दिला. मतलब असा, की बाई, इथे तुम्हाला विचारायचं आहे की ठरवायचं आहे? ठरवायचंच असेल तर आणखी एक कंस घाला. मला वाटलं, प्रशासन दुरुस्ती सुचवतंय. मी मोठ्या मनाने कंस घातला. तो गप्प झाला. मी याला विजय समजले.

मी पहिलं पान तपासलंसुद्धा. क्रमांक एक ते दहा, सगळे कालकथित. अगदी बरोबर, ते दहाही जण खरोखर गेलेले. दुसरं पान उघडायची गरज मला वाटली नाही.

पत्रकं सकाळी वाटली गेली. आईने एक उघडलं, शांतपणे शेवटपर्यंत वाचलं आणि स्वयंपाकघरातून विचारलं, "सुजाता, तुझ्या बाबांना चहा टाकू, की आता नको?"

तेवढ्यात सायखेड्याहून आत्याचा फोन. कोणीतरी तिला पानाचा फोटो पाठवला होता.

"सुजे, मी गेले व्हय गं? मला कोणी सांगितलंच नाय."

"आत्या, छपाईची चूक आहे."

"चूक हाय ते दिसतंय मला. पण इथं बाया येऊन बसल्यात रडायला. लय लांबून आल्यात. त्यांना चहा कोण करणार? मीच करते हाय."

शेवटच्या नावावर नजर गेली. क्रमांक दोनशे बारा: कालकथित कुमारी सुजाता. निदान भेदभाव केला नव्हता.

बाबा एकच वाक्य बोलले. "गुरुजींची प्रत गेली?"

गेली होती. सगळ्यात आधी.

आम्ही बसने देवळालीला पोचेपर्यंत बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. गुरुजी उशीला टेकून बसले होते. पत्रक छातीवर.

"जय भीम, गुरुजी," मी म्हणाले.

"जय भीम, कालकथित. बस."

बाबा खाली बघत उभे. मी रडत रडत सगळं सांगितलं, चिन्हं, हुकूम, कंस. गुरुजींनी जन्मात कॉम्प्युटरला हात लावला नव्हता.

"म्हणजे तू माणसांना विचारलंच नाहीस. परस्पर ठरवलंस."

"हो."

"आणि त्या यंत्राने तुला विचारलं होतं?"

"हो."

"मग?"

"कंस घातला."

ते इतके हसले की खोकला लागला आणि मुलगी पाणी घेऊन धावली. मग त्यांनी पेन मागितलं. आपल्या नावाआधीचा शब्द खोडला, वर 'हयात' लिहिलं, सही केली. पत्रक परत छातीवर ठेवलं. "छान झालंय," ते बाबांना म्हणाले. "उरलेल्यांना हिला एकेक करून विचारायला लाव."

त्यानंतर बाराव्या दिवशी गुरुजी गेले. श्रद्धांजलीचं पत्रक बाबांनी डोळ्यांतून पाणी गळत असताना हाताने लिहिलं. मला म्हणाले, "तू लांब बस." आत्यापासून आईपर्यंत जिवंत असलेल्या सगळ्यांना मारणारा माझा प्रोग्राम शेवटी एका माणसाच्या बाबतीत खरा ठरला, आणि नेमका त्याच्याच प्रतीवर तो शब्द खोडलेला आहे.

म्हणून एक विनंती. ते पत्रक तुमच्या घरी असेल तर पेन घ्या. दुसऱ्या पानापासून एकेका घरी फोन लावा आणि विचारा, आहात का? जे 'हो' म्हणतील त्यांच्या नावाआधीचा शब्द खोडा. माझ्या घरी फोन कराल तेव्हा मात्र आधी बाबांना विचारा. मी काहीही ठरवून सांगेन.