स्टील गिटारचा आवाज शोधत मावळात

साताऱ्याहून निघताना गाडीची मागची अख्खी सीट गिटारने घेतली. ताई पुढे बसली. मांडीवर दशम्यांचा डबा आणि पायाशी माझं लोखंडी व्हॉल्यूम पेडल. "इथे मी पाय ठेवू, की पाय काढून डिकीत ठेवू?" तिने विचारलं. मी म्हटलं, डिकीत स्टँड आणि वायरी आहेत, तिथेही जागा नाही.

माझं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलायची आणि "हे बरं, की हे?" असं विचारायचं, हाच माझा धंदा. या वेळी तोच प्रश्न कानांना विचारायचा होता. शाळेत असल्यापासून मी साधी हवाईयन गिटार वाजवत आले. गेल्या वर्षी माझा मामेभाऊ परदेशातून कायमचा परत आला आणि त्याची पेडल स्टील गिटार माझ्याकडे आली. दिसायला ते चार पायांचं अरुंद टेबल. वर दहा तारा, खाली पायांनी दाबायची पेडलं आणि गुडघ्यांनी ढकलायच्या पट्ट्या. उजव्या हाताने तार छेडायची, डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवायची. सूर एका जागेवरून दुसऱ्या जागेवर उडी मारत नाही, वाहत जातो. पण त्याला स्वतःचं पोट नाही, म्हणजे आतून पोकळ नाही. आवाज सगळा अ‍ॅम्प्लिफायरमधून यायचा. माझ्या जुन्या छोट्या अ‍ॅम्पमधून तो असा यायचा की शेजारच्या काकूंनी एकदा काळजीने येऊन विचारलं, कुकरची शिट्टी अडकली आहे का.

चांगल्या अ‍ॅम्पची चौकशी करताना तळेगावजवळ वराळ्याला एक आणि लोणावळ्याजवळ वलवणला एक, असे दोन ठिकाणचे पत्ते मिळाले. ताईला मी म्हटलं, कान म्हणून चल. ती लगेच हो म्हणेल असं वाटलं नव्हतं. शैलाताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. साताऱ्यातल्या भावगीतांच्या कार्यक्रमांना तिच्याशिवाय शोभा नसायची. गळ्यावर शस्त्रक्रिया झाली आणि ती गायची थांबली. डॉक्टर म्हणाले होते, आवाज आहे, फक्त लहान झालाय आणि खाली आलाय. पण ती घरातही गुणगुणत नसे. त्यानंतर माझ्या गिटारबरोबर एकदाच, माझ्या आग्रहाखातर, तिने तोंड उघडलं होतं. दोन ओळींतच थांबली. "तुझं वाद्य माझ्या अंगावर येतं," एवढंच म्हणाली.

वराळ्याला पोहोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. एका बाजूला कापलेली भातखाचरं, दुसऱ्या बाजूला नव्या इमारती, आणि मधल्या रस्त्यावर कंपन्यांच्या बसगाड्या. प्रसाद नावाचा एक इंजिनियर चौथ्या मजल्यावर राहत होता. त्याने आम्हाला दारातच तोंडावर बोट ठेवून आत घेतलं.

"मुलगी आत्ताच झोपलीय," तो कुजबुजला. "हळू वाजवणार ना?"

त्याचा अ‍ॅम्प काचेच्या जुन्या पद्धतीच्या व्हॉल्व्हचा होता. तो तापायला वेळ लागला, तोवर मी गिटारचे पाय जोडले. पहिला सूर अगदी हळू काढला आणि माझ्या अंगावर काटा आला. मधात बोट बुडवावं तसा आवाज. आतल्या खोलीतून प्रसादची बायको बाहेर आली आणि दाराला टेकून उभी राहिली.

"घेऊन टाक," ताई माझ्या कानात म्हणाली.

पण स्टीलची एक खोड आहे. तार छेडल्यावर तिचा आवाज विरत जातो, आणि तो विरू लागला की पायाखालचं व्हॉल्यूम पेडल हळूहळू दाबत सूर लांबवायचा असतो. त्यासाठी अ‍ॅम्पमध्ये ताकद शिल्लक लागते. मी पेडल दाबत नेलं आणि अर्ध्यावर गेल्यावर आवाज फाटला. बाकी गिटारवाल्यांना तो फाटलेपणा आवडतो. मला नको होता. मी पुन्हा दाबून पाहिलं. आतून बाळाचं रडणं आलं.

प्रसाद ओशाळला, मीही ओशाळले. त्याची बायको बाळाला घेऊन बाहेर आली. बाळ माझ्या हातातल्या चकाकणाऱ्या कांडीकडे पाहत गप्प झालं. मी पुन्हा अगदी हळू वाजवलं, तर बाळ टक लावून बघत राहिलं. "हा अ‍ॅम्प विकायचाच नाही आता," प्रसादची बायको म्हणाली. "हा हिच्यासाठी ठेवू." आम्ही चहा घेऊन रिकाम्या हातांनी, पण हसत निघालो.

मुक्काम लेण्यांच्या भाजे गावी होता. मळवलीचं रेल्वे फाटक ओलांडून गावात शिरलो. थंडीचे दिवस, खळ्यांवर उडव्या (भाताच्या पेंढ्यांच्या रचलेल्या गोल राशी) उभ्या होत्या. तिथली नंदामावशी आणि तिचे यजमान, ज्यांना सगळे आबा म्हणतात, शनिवार-रविवारी येणाऱ्या पाहुण्यांसाठी दोन खोल्या चालवतात. आम्ही आडवारी आलो, त्यामुळे घरात आम्हीच. दुपारी जेवायला इंद्रायणीचा मऊ भात, वालाची उसळ, नाचणीची भाकरी आणि ठेचा. ताईने भात दोनदा मागून घेतला. शस्त्रक्रियेनंतर तिला गिळायची भीती वाटायची.

जेवण झाल्यावर आबांनी गिटारच्या पेटीकडे बोट केलं. "त्यात काय हाय?"

मी ती ओसरीवर उभी केली. मावशीने वाकून खालची पेडलं पाहिली.

"ह्ये शिलाईचं मशिन हाय व्हय?"

"नाही मावशी, गिटार आहे."

"आडवी?"

"आडवी."

आबांकडे पाहुण्यांच्या गाण्यांसाठी चाकांचा, लाल-निळे दिवे लागणारा स्पीकर होता. त्यातच वायर जोडली. आधी मोठी घरघर सुरू झाली. घराच्या वायरिंगला अर्थिंग नसावं, कारण मी तारांना हात लावला की घरघर कमी व्हायची, सोडला की वाढायची. त्यात मी एक सूर सरकवला, तर खळ्यावरच्या कोंबड्या पंख फडफडवत पसार झाल्या. आबा हसून खांबाला टेकले. ताई हसली, आणि हसता हसता तिला ठसका लागला तरी थांबेना.

"ग्वाड हाय," मावशी विचार करून म्हणाली. "पर कानात घुसतंय." मग ताईकडे वळून म्हणाली, "तुमी बी वाजिवता का?"

"मी गायचे," ताई म्हणाली.

"मंग आता का न्हाई?"

मला वाटलं, ताई विषय बदलेल. पण तिने मावशीला सगळं सांगितलं, गळ्यावरचा व्रण दाखवला. नातेवाइकांनाही ती इतकं सांगत नाही. मावशीने तो नीट पाहिला आणि स्वतःचं लुगडं गुडघ्यापर्यंत वर करून तिथला लांब व्रण दाखवला.

"हा गुडगा बदलला. तवापास्नं मी चालते ती चाल येगळीच हाय. आधीची न्हाई ऱ्हायली. पर जाते समदीकडं. काल बी मळवलीला जाऊन आली."

 ताई भांडी आत न्यायला उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही लेणी पाहायला वर चढलो. मोठ्या चैत्यगृहात आम्ही आणि एक झाडूवाली बाई, बाकी कोणी नाही. मी टाळी वाजवली. आवाज कमानीखाली फिरून मऊ होऊन परत आला. ताईनेही टाळी वाजवली, कान देऊन ऐकलं, मग घसा साफ केला. मला वाटलं, आता गाईल. ती म्हणाली, "मधू, तुझ्या त्या यंत्रात असा घुमारा घालतात ना? थोडा घाल. इतका नको." आणि पायऱ्या उतरू लागली.

लोणावळ्यात शिरून वलवणच्या रस्त्याला लागलो. धरणाच्या बाजूने हवा गार येत होती. सलीमभाईंचं गोदाम त्यांच्या घराला लागूनच. साउंड भाड्याने देण्याचा धंदा, आणि तरुणपणी ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवलेली. एका ओळखीच्या तबलजींनी त्यांचा पत्ता दिला होता. पेटी उघडताच सलीमभाई जमिनीवरच मांडी घालून बसले आणि खालच्या सळया, कप्प्या निरखू लागले.

"मॅडम, ही गिटार मी आयुष्यात फक्त ऐकलीय," ते म्हणाले. "आज आमचं जेवण उशिरा होणार."

आत चुलीवर काही शिजत असल्याचा वास येत होता. त्यांच्या बायकोने, शबानाभाभींनी, चहा आणि नानकटाई आणून दिली आणि त्याही तिथेच बसल्या. व्यवहाराचं बोलणं त्या चहातच उरकलं. खरं काम त्यानंतर सुरू झालं.

सलीमभाईंनी आधी त्यांचा लाडका नवा अ‍ॅम्प लावला. त्याला एवढी बटणं होती की ते स्वतःच दोनदा चुकले. त्यातून माझा सूर विहिरीत पडल्यासारखा, पाठोपाठ चार जणांनी उत्तर दिल्यासारखा आला. "जबरदस्त ना?" ते म्हणाले. ताईने मान हलवली, नाही. मग कीबोर्डचा अ‍ॅम्प. स्वच्छ, पण पाण्यासारखा, चव नसलेला. तिसरा त्यांना आणायचाच नव्हता. कोपऱ्यात ताडपत्रीखाली होता, त्यांचा स्वतःचा जुना बेसचा अ‍ॅम्प. पंधरा इंची स्पीकर, जाड लाकडाची पेटी, कोपऱ्यांवरचा रंग उडालेला.

"हा बेसचा आहे, स्टीलला जड होईल," सलीमभाई म्हणाले.

"लावून तर बघू."

जड नव्हता. रुंद होता. मी पेडल खालपर्यंत दाबलं, तरी आवाज फाटला नाही, नुसता मोठा होत गेला. पण अजून काहीतरी खुपत होतं. भाजलेल्या दाण्यात एखादा खवट निघावा तसं. मी खालचा बेस कमी केला, वरचा तिखटपणा कमी केला, फरक पडेना. वाजवता वाजवता ताई आणि भाभींचं बोलणं माझ्या कानावर येत होतं. ताई त्यांना दशम्या कशा करायच्या ते सांगत होती, आणि भाभी पुन्हा पुन्हा "काय?" म्हणत होत्या. गिटारच्या आवाजात ताईचं बोलणं बुडत होतं.

मी सलीमभाईंना म्हटलं, "मधला आवाज कमी करा ना."

त्यांना पटलं नाही. "मधल्यातच तर जीव असतो, मॅडम." तरी त्यांनी मधलं बटण थोडं मागे फिरवलं. मी वाजवत राहिले.

"अजून," मी म्हटलं.

भाभींचं "काय?" थांबलं. गूळ किती, दूध किती, कणीक किती घट्ट, ताईचा शब्दन् शब्द ऐकू येऊ लागला. ती आवाज चढवत नव्हती. माझा सूर तिच्या खालून आणि वरून जात होता, आणि मध्ये ती सुखाने बोलत होती. ते भाभींच्या लक्षातही आलं नसेल. ताईच्या मात्र आलं. बोलता बोलता ती थांबली.

"थांबू नकोस," ती मला म्हणाली. "पांढरी तीन धर."

पूर्वी ती काळी चारमध्ये, म्हणजे याहून बऱ्याच वरच्या पट्टीत गायची. मी काही न विचारता पांढरी तीनचा सूर धरला. सलीमभाईंनी खोक्यातून घुमाऱ्याचं एक छोटं यंत्र काढून मध्ये जोडलं. मी अगदी थोडा ठेवला. मी शाळेत असताना आम्ही दोघींनी बसवलेलं एक भावगीत ताईने सुरू केलं. आवाज लहान होता, खालचा होता, पहिल्या ओळीत थरथरला. दुसऱ्या ओळीत थरथरला नाही. तो पूर्वीचा आवाज नव्हताच. यात थोडी राख होती, आणि त्याने गाणं वेगळंच झालं, मोठ्या माणसाने म्हटल्यासारखं. ती कडव्याच्या शेवटी वर जाऊ शकली नाही, तिथे मी कांडी सरकवून वर गेले आणि ती खालीच थांबून माझी वाट पाहत राहिली. मी परत आले, मग दोघी मिळून पुढे गेलो.

गाणं संपल्यावर भाभी म्हणाल्या, "आता जेवूनच जायचं."  सलीमभाईंनी अ‍ॅम्पच्या पेटीवरची धूळ रुमालाने पुसली, आणि मग मधल्या बटणावर खडूने एक छोटी खूण केली.

परतीला अडचण त्या बेसच्या अ‍ॅम्पची झाली. डिकीत मावेना, म्हणून पुढच्या सीटवर ठेवला आणि ताई मागे गिटारशेजारी अंग चोरून बसली. गाडी निघताच पट्टा लावा म्हणून पिंपिं सुरू झालं. सीटवर कोणी माणूस बसलंय अशीच गाडीची समजूत. शेवटी ताईने मागून वाकून अ‍ॅम्पला पट्टा बांधला. टोलनाक्यावरच्या माणसाने आत डोकावून पाहिलं आणि काही न विचारता सोडलं.

खंबाटकी घाट चढताना ताई म्हणाली, "तू मला गायला लावायलाच आणलं होतंस ना?"

"खरं सांगू? अ‍ॅम्पसाठीच आणलं होतं. तुझे कान चांगले आहेत."

ती बराच वेळ हसत होती.

घरी येऊन आता काही आठवडे झाले. दुकानात येणारे ओळखीचे विचारतात, एवढ्या लांब जाऊन आणलेल्या पेटीत काय विशेष. मला नीट सांगता येत नाही. मी गेले होते माझ्या वाद्याला जास्त आवाज मिळवायला, आणि त्यातला नेमका कुठला भाग काढून टाकायचा ते शिकून आले, एवढं मात्र खरं. तो काढला की वाद्य कमी होत नाही. बरोबरच्या माणसाला बसायला जागा होते.

अ‍ॅम्प मी माझ्या पाठीमागे, भिंतीशी ठेवला होता. पहिल्या रविवारी ताई न कळवता आली. चपला काढल्या, पदर खोचला, आणि तो जड अ‍ॅम्प फरशीवरून ओढत ओढत स्वतःच्या खुर्चीशेजारी नेऊन ठेवला.

"आधी मला ऐकू येऊ दे," ती म्हणाली. "तुला नंतर."

तेव्हापासून तो तिथेच आहे.